आयर्न बॉलच्या मागेच जमिनीत घुसतं? मनगट नंतर बघा, आधी पकड बघा

शनिवारी गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, पन्नास बॉल मारले, त्यातले चाळीस झकास लागले. रविवारी कोर्सवर पहिल्याच फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) सात नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याचा क्लब, काढलं आणि ते बॉलच्या चार बोटं मागे जमिनीत घुसलं. मातीचं ढेकूळ उडालं, बॉल कसाबसा साठ यार्ड सरकला. पुढच्या फटक्याला सावध झालो, किंचित उंच राहिलो, तर ब्लेडची कड बॉलच्या पोटावर बसली आणि बॉल गुडघ्याच्या उंचीने सणसणत ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, पार पलीकडे गेला. पहिला फॅट, दुसरा थिन. घरी येऊन चार व्हिडिओ बघायचे, काहीतरी एक बदलायचं, पुढचा शनिवार बरा जायचा आणि रविवारी पुन्हा तेच.

माझ्या अंगात हे दुखणं सहा वर्षं मुरलेलं होतं. आता गेलंय. गेल्या वर्षी भाचीला गोल्फची गोडी लागली. ती शिवाजी पार्कात क्रिकेट खेळून मोठी झालेली, हातात ताकद भरपूर, आणि तिलाही नेमका हाच त्रास. तिच्याबरोबर उभं राहून शोधताना मला माझ्या दुखण्याचं मूळ नीट कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितो. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने लिहिलंय. डावखुऱ्यांनी उलट करून घ्यावं.

फॅट आणि थिन हे दोन वेगळे आजार नाहीत. क्लबहेड, म्हणजे क्लबचं टोकाचं डोकं, खाली येतं, एका जागी सगळ्यात खाली पोचतं आणि तिथून वर जायला लागतं. ती सर्वांत खालची जागा बॉलच्या मागे पडली तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर क्लब आधी जमिनीला लागतो, नाहीतर जमीन चुकवून वर जाता जाता बॉलच्या मधोमध कड मारतो. आयर्नने चांगला खेळणाऱ्याची ही जागा बॉलच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, दहा सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणून त्याचा डिव्हट, म्हणजे गवत कापलं गेल्याची खूण, बॉल होता तिथून पुढे सुरू होतो. क्लब खाली येत असतानाच बॉल निघून जातो आणि गवत त्यानंतर कापलं जातं.

मग रेंजवर सगळं ठीक का वाटतं? मॅटमुळे. मॅटखाली बहुतेक ठिकाणी काँक्रीट असतं. क्लब बॉलच्या दोन इंच मागे पडला तरी तो मॅटवरून घसरत पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो. हाताला थोडा जास्त धक्का बसतो, कानाला आवाज जरा जाड येतो, पण बॉल हवेत गेलेला दिसला की आपण खूश. तोच फटका जुलैत खारघरच्या ओल्या फेअरवेवर मारा. तिथे क्लब घसरत नाही, रुततो. पावसाळ्यात स्विंग बिघडला असं अनेकांना वाटतं. स्विंग मे महिन्यातही तसाच होता, मॅटने तो झाकून ठेवला होता.

आधी रांगोळी

काही बदलण्याआधी आपलं दुखणं हेच आहे ना, ते पाहून घ्या. घरातली पांढरी रांगोळी पुडीत घेऊन जा. गवतावर मारायची परवानगी असेल तिथे लक्ष्याच्या दिशेला काटकोनात हातभर रेष ओढा. रेष दोन पायांच्या बरोबर मध्ये येईल असे उभे राहा आणि बॉल न ठेवता सात नंबरने स्विंग करा. दर स्विंगला रेषेवर थोडं पुढे सरका, म्हणजे प्रत्येक खूण वेगळी दिसेल. दहा स्विंग झाले की वाकून बघा. गवत रेषेवर किंवा रेषेच्या पुढे कापलं गेलं असेल तर तुमची अडचण वेगळी आहे. दहापैकी सहा-सात खुणा रेषेच्या मागे असतील तर पुढे वाचा.

मॅटशिवाय इलाज नसेल तर हातरुमालाची घडी बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवा. क्लब रुमालाला न शिवता बॉल मारता यायला हवा. शिवाय ब्लेडवर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवला तर बॉल नेमका कुठे लागला त्याचा गोल ठसा उमटतो. ठसा खालच्या रेघांवर येत असेल तर थिन लागतोय, कानाने काहीही सांगितलं तरी.

बॉलमधून जोर काढणं म्हणजे काय

शिकवणारे सांगतात, ‘बॉलला मारू नका, बॉलमधून मारा.’ हे ऐकून मी कित्येक महिने बॉल पुढे ढकलायचा प्रयत्न केला. गाडी बंद पडल्यावर मागून लावतो तसा हातांनी रेटा. त्याने दुखणं वाढलं, कारण बॉल ढकलायला वेळच मिळत नाही. बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटलेले असतात सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. माझ्यासारख्याचं सात नंबरचं हेड ताशी १२० किलोमीटरच्या आगेमागे चालत असलं, तर तेवढ्या वेळात ते जेमतेम दीड सेंटीमीटर पुढे जातं. धक्का क्लबच्या दांड्यातून हाताला कळेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. त्या क्षणी हातांनी काही करणं माणसाच्या आवाक्यात नाही. जे करायचं ते आधी झालेलं असायला हवं: हेड कुठल्या दिशेने येतंय, किती वेगाने येतंय, फेस, म्हणजे बॉलला लागणारी पात्याची सपाट बाजू, कुठे बघतोय आणि बॉलवर तो कुठे बसतोय. बॉलमधून जोर काढणं म्हणजे या चार गोष्टी बॉलपाशी पोचण्याआधीच जुळवून आणणं.

दिशेचं म्हणाल तर कॅरम आठवा. स्ट्रायकर तिरका आला तरी सोंगटी तो आला त्या दिशेला जात नाही, दोघांचे मध्य जोडणाऱ्या रेषेतच जवळजवळ जाते. गोल्फमध्येही बॉल कुठून सुटणार हे मुख्यतः फेस ठरवतो. आयर्नला साधारण ७५ टक्के आणि ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायच्या क्लबला) ८५ टक्के हिस्सा फेसचा, उरलेला क्लबच्या मार्गाचा. नंतर हवेत बॉल वळतो तो फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. मार्गाच्या मानाने फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा, असेल तर बॉल उजवीकडे वळत जातो. हे ध्यानात ठेवा, पकडीकडे वळल्यावर लागेल.

आणखी एक गोष्ट. खाली येताना हेड हातांना बाहेर खेचत असतं. २७० ग्रॅमच्या आसपासचं हेड वर सांगितलेल्या वेगाने गोल फिरताना बॉलपाशी पंधरा-वीस किलोची ओढ लावतं, म्हणजे पाण्याने भरलेली मोठी बादली. हातांचं खरं काम ही ओढ सांभाळणं आणि दांडा डाव्या बाजूला खेचत राहणं, एवढंच. ज्याला आपण ‘मारणं’ समजतो ते केलं की हात बॉलपाशी थबकतात, हेड त्यांना ओलांडून पुढे जातं आणि डावं मनगट मोडतं, म्हणजे मागच्या बाजूला वाकतं. हेड हातांच्या पुढे गेलं की ते वर चढायला लागलेलंच असतं. सर्वांत खालची जागा मागे सरकली ती अशी. उलथन्याने भाकरी पलटताना मनगट जसं वळतं, अगदी तसं.

मनगट का मोडतं

याची कारणं तीन. पहिल्या दोघांवर फार वेळ घालवत नाही, कारण ती सगळीकडे सांगितली जातात.

पहिलं, बॉल वर उचलायची इच्छा. सात नंबरच्या फेसला तीस-चौतीस अंशांचा उतार दिलेला असतो, तो त्यासाठीच. बॉलचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. त्याला हाताने उचलायची काहीच गरज नाही. क्लब खाली जात असताना लागलेला बॉलच उत्तम उडतो.

दुसरं, वजन उजव्या पायावर राहणं. तपासायला सोपं आहे. फटका संपल्यावर उजवा पाय जमिनीवरून उचलून बघा. तोल गेला तर वजन मागे राहिलंय. क्लब खाली यायला सुरुवात होण्याआधीच वजन डाव्या पायाकडे निघालेलं हवं आणि कंबर थांबता कामा नये. कंबर थांबली की हात थांबतात, हात थांबले की हेड पुढे.

तिसरं कारण क्वचितच कुणी बघतं आणि दुखणं पुन्हा पुन्हा परत येतं ते त्याच्यामुळेच: उघडा फेस. बॅकस्विंगमध्ये फेस उघडला की शरीराला ते कळतं. असाच खाली आणला तर बॉल उजवीकडे जाणार हे हजारो फटक्यांनी अंगात भिनलेलं असतं. मग शेवटच्या क्षणी मनगट मोडून फेस सरळ केला जातो. म्हणजे मनगट मोडणं ही नुसती चूक नाही, आधीच्या चुकीवर शरीराने शोधलेला उपाय आहे. नुसतं मनगट सरळ ठेवायला गेलात की बॉल उजवीकडे भरकटतो, तुम्ही घाबरता आणि दोन आठवड्यांत मनगट पुन्हा मोडायला लागतं. मी सहा वर्षं याच फेऱ्यात होतो. दरवेळी मनगटावर इलाज केला, पकडीकडे पाहिलंच नाही.

भाचीचं तर स्पष्टच दिसत होतं. बॅट धरताना वरच्या हाताची मागची बाजू मिडऑफ-कव्हरकडे ठेवायची, हे तिच्या सरांनी लहानपणी घोटून घेतलेलं. सरळ ड्राइव्ह मारायला ते योग्यच आहे, कारण तिथे बॅट बरीचशी उभ्या सरळ रेषेत येते आणि पूर्ण फेस दाखवत पुढे जाते. गोल्फचा क्लब शरीराभोवती गोल फिरतो. तिथे तीच पकड फेस उघडा ठेवते.

“मामा, मी ग्रिप तर घट्ट धरलीये,” ती म्हणाली.

“घट्ट-सैलाचं नाही गं. खाली बघ. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी किती गाठी दिसतात तुला?”

एकच दिसत होती, तर्जनीची. ग्लव्हची तळहाताची बाजू मनगटाजवळ झिजून भोक पडलेलं, बोटांच्या मुळाशी मात्र कातडं कोरं. दांडा बोटांत नव्हताच, तळहातात आडवा पडलेला होता आणि दर स्विंगला घसरत होता. तुमचाही ग्लव्ह आत्ता काढून बघा. बहुतेकदा तो सगळं सांगतो.

आमच्या बॅगा वाहणारे कॅडी भाऊ बाजूला उभे होते. ते म्हणाले, “ताई, खालच्या सिमेंटवर मारतोय असं समजा. सिमेंटवर मागे मारलं तर हात मोडेल.” ते उगाच नाही बोलले. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे आणि तिथल्या कॅडींच्या वस्त्यांमधून पोरं लोखंडी सळी वाकवून केलेल्या क्लबने प्लास्टिकचा बॉल गल्लीत मारत मोठी होतात. तिथे खाली गवत नाही, माफी नाही. सळी आधी जमिनीला लागली की मनगट बधिर होतं. बॉल आधी, जमीन नंतर, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

उपाय, ज्या क्रमाने आम्ही केला त्याच क्रमाने

पहिले तीन दिवस फक्त पकड. बॉल नाही, रेंज नाही. डावा हात बाजूला सैल सोडा, तो नैसर्गिकपणे किंचित आत वळतो. त्याच वळणात दांडा बोटांच्या मुळाशी धरा. खाली पाहिल्यावर दोन गाठी स्पष्ट दिसायला हव्यात, तिसरी अर्धवट दिसली तरी चालेल. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली चीर उजव्या खांद्याकडे रोखलेली. उजवा हात त्यावर बोटांनीच बसवा, त्याचीही चीर तिकडेच. विचित्र वाटेल. टीव्ही बघताना दांडा हातात ठेवा, दिवसात वीस-पंचवीस वेळा सोडून पुन्हा धरा.

मग बॅकस्विंगमध्ये क्लब कमरेच्या उंचीला जमिनीशी समांतर आला की थांबा आणि मान वळवून ब्लेडची कड बघा. ती साधारण तुमच्या पुढे झुकलेल्या पाठीएवढी, किंचित जमिनीकडे कललेली हवी. कड आकाशाकडे सरळ उभी असेल किंवा मागे कलली असेल तर फेस अजून उघडाच आहे.

पुढचं काम खराट्याचं. गंमत म्हणून सांगत नाही, यापेक्षा चांगला सराव मला सापडलेला नाही. खराट्याने अंगण झाडताना दांडा पुढे जातो आणि काड्या मागून ओढल्यासारख्या येतात. काड्या हातांच्या पुढे गेल्या की कचरा हलत नाही, धूळच उडते. गच्चीवर जा, खराटा गोल्फच्या पकडीने धरा आणि कमरेपासून कमरेपर्यंत, सावकाश, डाव्या पायाच्या पुढचा कचरा झाडतोय असं समजून झाडा. कंबर डावीकडे वळत राहिली नाही तर खराटा अडकतो, हे लगेच कळेल. भाचीने रोज पन्नास वेळा हे केलं. सोसायटीतल्या काकू आधी हसल्या, मग गच्ची स्वच्छ व्हायला लागल्यावर काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर पोतं. गोणपाटात जुन्या चिंध्या गच्च भरा आणि ते भिंतीला टेकवा. अर्ध्याहून कमी वेगाने, कमरेच्या उंचीवरून, क्लब त्यावर आणून थांबवा. थांबल्यावर खाली बघा: हात हेडच्या पुढे आहेत का, डावं मनगट सपाट आहे का, उजवी टाच सुटलीये का, बेल्टचं बक्कल लक्ष्याकडे वळायला लागलंय का. जोरात मारू नका, मनगट दुखावेल. इथे काम नजरेचं आहे, जोराचं नाही.

बॉल आणायचा तो यानंतरच, आणि तोही अर्ध्या स्विंगने.

इथे एक धोका आहे, आणि बहुतेक जण याच जागी मागे फिरतात. पकड बदलल्यावर पहिले काही दिवस बॉल डावीकडे जाईल, कधी कधी खालून, झपकन वळून. वाटेल की बिघडलं. बिघडलेलं नाही. फेस आता उघडा नाही, पण मनगट अजून जुन्या सवयीने मोडतंय, म्हणून तो गरजेपेक्षा जास्त बंद होतोय. बॉल डावीकडे जाणं ही पकड सुधारल्याची आणि मनगट अजून मोडत असल्याची खूण आहे. पकड परत जुन्या बाजूला वळवू नका. कंबर फिरत ठेवा, खराटा चालू ठेवा. भाचीला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी तिने मारलेला बॉल मी पाहिला नाही, मी जमिनीकडे पाहत होतो. रांगोळीच्या रेषेच्या दोन बोटं पुढे, लक्ष्याच्या दिशेला, पाच रुपयांच्या नोटेएवढा पातळ डिव्हट. रेष जशीच्या तशी.

तरीही सुटलं नाही तर

बॉल कुठे ठेवता ते बघा. सात नंबरला दोन पायांच्या मध्ये, फार तर बॉलभर पुढे. डाव्या टाचेसमोर ठेवला तर सगळं नीट करूनही मागेच लागणार. डोकं बॅकस्विंगमध्ये उजवीकडे वीतभर सरकतंय का हे मोबाइल समोर ठेवून तपासा, कारण ते सरकलं की खालची जागाही सरकते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर मॅटवर मारणं थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. सराव पळून जात नाही.

ड्रायव्हरला यातलं अर्धंच लागू आहे. पकड तीच, पण बॉल टीवर (जमिनीत रोवलेल्या खुंटीवर) आणि डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, त्यामुळे तिथे क्लब वर चढायला लागलेला असताना बॉल लागणं चांगलंच. आयर्नचा ‘खाली मार’ ड्रायव्हरला लावाल तर बॉल टीच्या मुळाशी मरेल. ड्रायव्हरने उजवीकडे वळणारा स्लाइस ज्यांना आहे त्यांचाही तो नुसत्या पकडीने जाईल असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात तिथूनच करा.

आणि पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर एक नंबर मोठा क्लब घ्या, म्हणजे सातच्या जागी सहा, आणि तीन-चतुर्थांश स्विंग करा. ओलं गवत बॉल आणि फेस यांच्यात आलं की फिरकी कमी मिळते, पाय घसरतो, आणि पूर्ण जोर लावायला गेलं की कंबर सगळ्यात आधी थांबते. फटक्याआधी बॉलच्या पुढचं, दोन बोटांवरचं गवताचं एक पातं निवडा आणि नजर त्यावर ठेवा, बॉलवर नको. रांगोळीची पुडी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ठेवा. एक पिशवी पुरत नाही, ओल येते.